बाबांना समुद्र दाखवायचा होता

मांडवा, १० डिसेंबर २०२४

प्रिय रेवती,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पत्र फाडायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढं तरी होईल.

आम्ही सुखरूप पोचलो. देऊळगाव राजाहून जालना, तिथून रेल्वे, मग मुंबईहून लाँचने इथे. बाबांनी वाटेत त्रास दिला नाही. फक्त जालन्याच्या स्टँडवर अडले. कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन आतल्या माणसाला दरडावून विचारलं, "चिखलीची गाडी अजून का नाही लागली?" मी त्या माणसाला हळूच सांगितलं की हे आमच्या डेपोत जन्मभर कंट्रोलर होते, आता विसरतात. तो भला होता. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "लावतो साहेब." तेवढ्यावर बाबा शांत झाले.

निघताना तू दारात आली नाहीस. गल्लीच्या टोकाला तुझं घर, खिडकीसुद्धा बंद. बाबांनी विचारलं, "रेवती कुठे आहे?" मी म्हटलं, कॉलेजात कामावर गेली. रविवार होता. त्यांना ते कळलं नाही, मला कळलं.

तू त्या दिवशी म्हणालीस ते माझ्या कानात आहे. "बाबांच्या डोक्याला घर आठवत नसेल, पण पायांना आठवतं. पाण्यावर त्यांचे पाय काय करतील?" आणि विहंग म्हणाला, "बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. स्वतः कधी कुठे गेले?" तुम्ही दोघं भावंडं माझ्याकडे बघायला लागलात. तू म्हणालीस, "आई, तू ठरव." मी आत जाऊन बॅग भरायला घेतली. मग तू म्हणालीस की त्यांना नेलं तर माझ्याशी बोलू नका.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, पुढच्या वर्षी ते आपल्याला ओळखतील याची खात्री नाही. विहंगला त्याआधी त्यांना समुद्र दाखवायचाय. एवढी वर्षं जहाजांवर नोकरी केली, आता स्वतःची शिडाची बोट घेतली आहे. जुनी आहे, पण त्याने आणि गार्गीने, नवराबायकोने मिळून, रंगवून छान केली आहे. आम्ही चौघं किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जाणार, बंदरोबंदरी थांबत.

उत्तर लिहावंसं वाटलं तर मालवणच्या पोस्टात पाठव. पाकिटावर माझं नाव आणि 'पोस्टात येऊन घेतील' एवढं लिही. मी जाऊन विचारीन.

तुझी आई


दिघी, १३ डिसेंबर

प्रिय रेवती,

बोट म्हणजे आपल्या स्वयंपाकघराएवढी जागा समज, त्यात चौघांचा संसार. उभं राहिलं की डोकं आपटतं, बसलं की गुडघे. शेगडी झोके घेते. खरंच, ती मुद्दामच तशी टांगलेली असते, म्हणजे बोट कलली तरी तवा सरळ राहतो. पहिल्या दिवशी मला वाटलं भाकरी घसरून समुद्रात जाणार. आता सवय झाली. गोडं पाणी जपून वापरायचं. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासायची, मग एका तांब्यात विसळायची. संडासाला पाणी हाताने पंप मारून सोडावं लागतं. बाबांना ते जमत नाही, मी मारते.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. सकाळी बोटीच्या अगदी जवळ डॉल्फिन आले. एक उडाला, मग दुसरा. बाबा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. "आरे पाह्य! पाह्य ना बे!" असं विहंगला म्हणाले. विहंगने सुकाणू गार्गीच्या हातात दिलं आणि बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांचे खांदे लागलेले. रेवती, मी त्या मुलाला इतकं खूश त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आणखी एक झालंय. तुझ्या बाबांची बोली बदलली. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून शिस्तीचं, कंट्रोलरचं मराठी ऐकत आले. आता ते वडनेर भोलजीचं, त्यांच्या लहानपणचं बोलतात. मले, तुले, जाऊन राह्यलो. गार्गी पुण्याची, तिला निम्मं कळत नाही. मी अर्थ सांगते.

बाबांच्या कपाळाला थोडं खरचटलंय. पायऱ्या उतरताना वरची फळी लागली. गार्गीने लगेच पट्टी लावली. काळजीचं काही नाही.

तुझं नाव रोज घेतात. "रेवती आली का?" मी म्हणते, येईल.

आई


जयगड, १९ डिसेंबर

रेवती,

बाबा दिवसा ठीक असतात. ऊन कललं की बिघडतं.

तुला हे नवीन नाही, मला माहीत आहे. घरीही संध्याकाळी ते अस्वस्थ व्हायचे, आणि तू यायचीस, त्यांना हाताला धरून गल्लीतून एक चक्कर मारून आणायचीस. परत आले की त्यांना वाटायचं घरी आलो. इथे चक्कर कुठे मारायची? पुढे गेलं तर पाणी, मागे गेलं तर पाणी. सूर्य खाली गेला की ते आपली खाकी पिशवी खांद्याला लावतात आणि कठड्याशी जाऊन उभे राहतात. "चला, उतरायचं हाये." मी म्हणते, अहो, अजून गाव आलं नाही. ते म्हणतात, "हे कोनती गाडी हाये, थांबूनच नाही राह्यली."

परवा एक पाय कठड्यावर टाकला होता. विहंगने मागून धरलं म्हणून.

त्यानंतर पट्टा आला. छातीभोवती बांधायचा, त्याला दोरी, दोरीला कडी, कडी बोटीच्या लोखंडी गजाला अडकवायची. विहंग म्हणाला, "आई, वाऱ्यात आम्हीपण लावतो. सगळेच लावतात." गार्गीनेही त्यांना दाखवायला स्वतः लावून घेतला. पण विहंगने बांधायला घेतलं तर बाबांनी त्याला हाताने ढकललं. गार्गीला ओरडले. मी गेले तर मुकाट उभे राहिले, दोन्ही हात वर करून, शाळेत जाणाऱ्या पोरासारखे. तेव्हापासून ते काम माझं आहे. माझ्या हातून बांधून घेतात.

काल बांधत असताना माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, मले काऊन बांधलं? म्या काय केलं?"

मी म्हटलं, "तुम्ही पडू नये म्हणून."

"मी कुठं पडून राह्यलो? मी तं उभा हाये."

याच्यावर काय बोलायचं ते तूच सांग. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एवढी पोरं शिकवली, उलटून प्रश्न विचारणारी कितीतरी होती. असा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

आणि हो, मला बाई म्हणायला लागलेत. शैलजा म्हणत नाहीत, अगं म्हणत नाहीत. बाई. रागाने नाही, रीतीने म्हणतात. शेजारच्या बाईला म्हणावं तसं.

विहंगला मी हे सांगितलेलं नाही.

आई


मालवण, २७ डिसेंबर

रेवती,

पोस्टात गेले होते. आधी खिडकीवर विचारलं, मग आत जाऊन विचारलं. तिथल्या मुलीने बिचारीने सगळा गठ्ठा माझ्यासमोर उलटापालटा केला. माझ्या नावाचं काही नव्हतं.

बाहेर बाकावर बसले थोडा वेळ. गार्गी सोबत आली होती, भाजी घ्यायला. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, एक बोलू? तुम्ही इथूनच गाडी करून बाबांना घरी न्या. मी येते सोडायला. त्यांना नाही झेपत आहे हे."

मी म्हटलं, विहंग?

"विहंगशी मी बोलते."

बोलली ती. बोटीवर भिंती नाहीत, त्यामुळे ऐकू न येण्याची सोय नाही. मी खाली भात लावत होते आणि माझ्या डोक्यावर ते दोघं बोलत होते. ती म्हणाली, "तू त्यांना समुद्र दाखवत नाहीयेस, तू त्यांना डांबून ठेवलंयस." तो म्हणाला, "सकाळी बघ ना त्यांना. सकाळचे बाबा बघ. हसतात, माझ्याशी बोलतात. मी पंधरा वर्षांत त्यांच्याशी एवढं बोललो नाही." ती म्हणाली, "आणि संध्याकाळचे बाबा कोण बघतंय? आई."

थोड्या वेळाने तो खाली आला. पायरीवर बसला. नोकरीत होता तेव्हा वर्षातून आठ दिवस घरी यायचा, त्यातले चार झोपण्यात जायचे, आठवतं? आता रोज सकाळी तो बाबांची दाढी करतो, भांग पाडतो, त्यांना आरसा दाखवतो. बाबा आरशात बघून म्हणतात, "हे कोन हाये? चांगला दिसते." दोघं हसतात. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि तो विचारत होता, "आई, तू सांग. उतरायचंय तुला?"

मी म्हटलं, "गोव्यापर्यंत जाऊ. मग बघू."

त्या दिवशी बॅग भरली तेव्हाही मी असंच केलं. कोणाचं तरी मन मोडायचं असतं आणि माझा हात दुसरीकडे कामाला लागतो. गार्गी खाली आली होती. तिने भांड्यातलं तांदळाचं पाणी निथळून दिलं आणि वर निघून गेली.

तू इथे असतीस तर एका मिनिटात उतरवलं असतंस आम्हाला. मला माहीत आहे.

आई


पणजी, ३ जानेवारी २०२५

रेवती,

गार्गीने जावयांना, हर्षलरावांना, फोन केला, त्यामुळे तुला कळलंच असेल. तू निघालीही असशील. हे पत्र तुझ्यामागून घरी पोचेल. तरी लिहिते, कारण तू समोर आलीस की मला बोलता यायचं नाही, आणि बाबा कसे पडले असं सगळे विचारताहेत. ते पडले नाहीत.

परवा दुपारी आम्ही मांडवी नदीत आलो. समोर पणजी दिसत होती. विहंग आणि गार्गी पुढच्या टोकाला नांगर टाकत होते. बाबा मागे माझ्यापाशी, पट्टा बांधलेला. मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी अंगावर सांडला. सदरा छातीपासून पोटापर्यंत भिजला. पट्टा काढल्याशिवाय सदरा बदलता येत नाही. मी पट्टा काढला, सदरा काढला, त्यांना बाकावर बसवलं आणि कोरडा सदरा घ्यायला दोन पायऱ्या उतरून हात लांब केला. सदरा तिथे दांडीवरच होता. वळले तर बाबा कठड्यापलीकडच्या फळीवर उभे. मी "अहो" म्हणायच्या आत उतरले. उडी नाही मारली. एसटीच्या पायरीवरून उतरतात तसा एक पाय खाली टाकला, मग दुसरा.

मी ओरडले. विहंग धावत आला. आम्ही सगळे पाण्यात बघत होतो आणि बाबा वर आले. आणि पोहायला लागले.

रेवती, तुला माहीत होतं बाबांना पोहता येतं? मला नव्हतं. एवढा संसार केला त्यांच्याशी. आपल्याकडे कुठे पाणी होतं म्हणा पोहायला. वडनेरला विहिरीत पोहले असतील पोरपणी, कधी बोलले नाहीत. लांब लांब हात मारत होते, सावकाश, तोंड वर करून. घाबरलेले अजिबात नव्हते. हसत होते. मोठ्याने हाका मारत होते, "किसन्या! ये ना बे! काऊन भेतं? पानी गरम हाये!" किसनराव म्हणजे त्यांचे वडनेरचे सोबती. तू लहान असताना वारले.

विहंगने उडी टाकली. ओहोटी होती, पाणी बाहेर समुद्राकडे ओढत होतं, आणि बाबा त्या ओढीबरोबर चालले होते. विहंग जवळ पोचला की त्यांना वाटायचं किसन्या शिवायला आला. ते आणखी जोरात हात मारायचे. एकदा विहंगच्या हाताला त्यांचा खांदा लागला होता, तर त्यांनी त्याच्या तोंडावर पाणी उडवलं आणि निसटले. विहंग रडत पोहत होता. गार्गीने रबरी गोल फेकला, तो भलतीकडेच वाहून गेला. ती रबरी होडी पाण्यात सोडायला लागली, तिची दोरी अडकली होती.

मी कठडा धरून "अहो, अहो, परत या" एवढंच ओरडत होते. त्यांनी ऐकलं असेल. पण अहो म्हणजे आपण, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

मग थकले. एकाएकी थकले. हात मारता मारता थांबले आणि इकडेतिकडे बघायला लागले. मी एवढ्या लांबून त्यांचा चेहरा पाहिला. आपण कुठे आहोत हे त्यांना कळेना. खाली गेले, वर आले, पुन्हा गेले. जाळी टाकणारी एक होडी जवळ होती, तिच्यातल्या दोघांनी त्यांना काखेत धरून वर ओढलं. विहंगलाही ओढलं.

आता दवाखान्यात आहेत. छातीत पाणी गेलंय, निमोनिया झालाय. ताप आहे. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने फुप्फुसं चांगली आहेत, बघू. विहंग दाराबाहेर बाकावर बसून आहे. त्याला कोणी काही बोललेलं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं असं त्याच्याकडे बघून वाटतं.

पट्टा मी काढला होता. सदरा भिजला म्हणून काढला. दुसऱ्या कोणाला सांगितलं की लगेच म्हणतात, तुमचा काय दोष. म्हणून तुला सांगते.

लवकर ये.

आई


पणजी, बोटीवर, १६ जानेवारी

रेवती,

तुम्ही आता पोचला असाल. हर्षलराव एवढा लांबचा रस्ता एकट्याने गाडी चालवत आले आणि तसेच गेले, त्यांना माझे आशीर्वाद सांग.

तू खोलीत आलीस तेव्हा मी बाबांना पाणी पाजत होते आणि ते तोंड फिरवत होते. तू माझ्या हातातला पेला घेतलास. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, आली का तू?" तू हो म्हटलंस. मुलगी म्हणून नाही ओळखलं तुला, बहीण म्हणून ओळखलं, पण ओळखलं. पाणी प्याले. पेज खाल्ली. नंतरचे सगळे दिवस तुझ्याच हातचं खाल्लं.

दवाखान्याच्या जिन्यात मी तुला विचारलं, पत्रं मिळाली का. तू म्हणालीस, "सगळी मिळाली." मी म्हटलं, मग एखादी ओळ? तू म्हणालीस, "काय लिहू, आई? मी लिहीपर्यंत तुम्ही पुढच्या बंदरात." तू रागावून म्हणाली नाहीस. रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

काल सकाळचं मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. गाडी दवाखान्याच्या दाराशी लावलेली, बाबांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलेलं, मी दुसऱ्या बाजूने चढायला लागले. त्यांनी मला बघितलं आणि तुझा दंड पकडला.

"ह्या बाईले नको घेऊ, ताई. हे मले बांधते."

तू म्हणालीस, "बाबा, ही आई आहे." ते थरथरायला लागले. दार उघडायला बघत होते. हर्षलराव म्हणाले, पुढे बसा आई, पुढे बसलं की दिसणार नाही. पुढे बसले तर मागून हुंदके. छातीत अजून कफ, त्यात ते रडायला लागले. मीच उतरले. तुला म्हटलं, तू ने, मी येते मागून. तू खिडकीतून माझा हात धरलास, गाडी सुटेपर्यंत सोडला नाहीस.

इतक्या संध्याकाळी मी बांधलं, आणि ते मुकाट हात वर करायचे. मला वाटत होतं, माझ्यावर विश्वास आहे म्हणून.

विहंग डेक धुतो. दिवसभर धुतो. गार्गीची रजा संपली, ती पुण्याला गेली, जाताना मला म्हणाली, "आई, तुम्ही त्याच्याजवळ दोन दिवस राहा, मग मात्र जा." मी राहिले आहे. शिजवते, तो दोन घास खातो. काल म्हणाला, "आई, तू माझ्यासाठी थांबू नकोस. बाबांकडे जा." मी कुठे जाऊ? एकाला मी हवी आहे पण तो जा म्हणतो, दुसऱ्याला मी दिसले की धाप लागते.

मी एक विचार केला आहे. हसू नकोस. मी घरची म्हणून येत नाही. तू त्यांना सांग, स्वयंपाकाला एक बाई ठेवली आहे. मी केस वेगळे बांधीन, बोटीवरची ती जांभळी साडी नेसणार नाही, चष्माही दुसरा लावीन. नवी बाई म्हणून त्यांना माझी भीती वाटायची नाही. रोज डोळ्यांना दिसतील तरी.

चालेल का, ते कळव. यावेळी फोन कर. मी उचलीन.

आई


देऊळगाव राजा, २३ फेब्रुवारी

प्रिय विहंग,

आता तुझा फोन लागत नाही. तुम्ही भावंडं एकसारखी आहात. गार्गी म्हणते, तू एकटाच बोट घेऊन दक्षिणेला निघालास, अधूनमधून तिला एखादा शब्द पाठवतोस. ठरल्याप्रमाणे कोचीला जाशील असा माझा अंदाज. म्हणून कोचीच्या पोस्टात पाठवते आहे. तिथल्या लोकांना मराठी वाचता येणार नाही, म्हणून पाकिटावर तुझं नाव रेवतीने इंग्रजीत लिहिलंय. तिने स्वतःहून लिहिलंय.

बाबा बरे आहेत. खोकला राहिलाय, पण भिंतीला धरून अंगणात येतात. पाण्याचं त्यांना काही आठवत नाही. बोटीचं नाही, तुझं नाही, माझं नाही. तू मनाला लावून घेतोस ते त्यांच्या मनात कुठेच नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते. याने बरं वाटावं की वाईट, मला सांगता येत नाही.

मी आले तेव्हा रेवतीने दारातच त्यांना सांगितलं, "बाबा, स्वयंपाकाच्या बाई आल्यात." त्यांनी मला खालपासून वर पाहिलं आणि म्हणाले, "या बाई. जेवल्या का?" मी म्हटलं, नाही अजून. "मंग आधी जेवा. काम कुठं पळून जाते?" हातरुमालाने खुर्ची पुसून दिली मला. लग्न झाल्यापासून कधी पुसली नव्हती.

रेवती आता आमच्याकडेच राहायला आली आहे, हर्षलराव जेवायला येतात. ती माझ्याशी बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते. रात्री माझ्या पायांना तेल लावते, आणि तुझा विषय मीच आधी काढावा म्हणून वाट बघते.

दिवसभर मी त्यांच्यासमोर असते. त्यांना पोळी आवडत नाही, भाकरी हवी, मी करून वाढते, ते म्हणतात, "बाई, तुमच्या हाताले चव हाये." मी भाजी निवडत बसले की समोर येऊन बसतात. वडनेरचं सांगतात. आंब्याचं झाड, मारकुटी म्हैस, विहिरीवरची दुपार. मला यातलं काही माहीत नव्हतं. बायकोला सांगायला त्यांना कधी वेळ झाला नाही, बाईला सांगतात.

संध्याकाळ झाली की मात्र अस्वस्थ होतात. पण आता स्वतःच्या घराची नाही, माझ्या घराची आठवण काढतात. "बाई, तुमचं घर कुठं हाये?" मी पहिल्याच दिवशी चुकून म्हटलं, जवळच आहे. झालं. तेव्हापासून ऊन कललं की माझी पिशवी आणून हातात देतात. "अंधार पडायच्या आत घरी जा. बाईमानसानं उशीर करू नये." जात नाही म्हटलं तर त्यांना धाप लागते. म्हणून रोज जाते. पिशवी घेते, चपला घालते, येते म्हणते, फाटकातून बाहेर पडते. ते कोपऱ्यापर्यंत माझ्याकडे बघत उभे असतात. मी कोपरा वळते, मागच्या बोळातून येते, चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरते. रात्रीच्या भाकरीचं पीठ मळते. थापायचा आवाज बाहेर जातो, म्हणून थापते रेवती. ते झोपले की मी खोलीत जाते.

काल मी पीठ मळत होते आणि ते बाहेर रेवतीशी बोलत होते.

"ताई, बाई चांगली हाये."

रेवती म्हणाली, "हो बाबा."

"येकटीच जाते रोज. तिच्या घरी कोनी हाये का नाही, इचार ना तिले."

रेवती आत आली. माझ्यासमोर उभी राहिली. मी मळत राहिले. तिने बाहेर जाऊन त्यांना सांगितलं, "विचारलं बाबा. आहेत म्हणते. सगळे आहेत."

तुझी आई